टपालाने येणारे साडेसहाशे मेगाबाइट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, असे आपण म्हणतो. यातला ‘सर्वांसाठी’ हा शब्द जरा उदारपणे वापरलेला आहे. सुरुवातीच्या दरपत्रकाप्रमाणे नुसती अक्षरे दाखवणारे खाते व्यावसायिकाला पाच हजार रुपयांना पडे, चित्रांसकट दिसणारे हवे असेल तर पंधरा हजार, आणि त्यात मिळत अडीचशे तास. आता थोडा हिशेब करू. एका सीडीत साडेसहाशे मेगाबाइट मावतात. सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर तेवढा ऐवज उतरवायचा तर पन्नास तास लागतात. म्हणजे वर्षाच्या तासांतला पाचवा हिस्सा, म्हणजे तीन हजार रुपये. टेलिफोनचे बिल वेगळे. शिवाय पन्नास तासांत लाइन एकदाही तुटता कामा नये. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना ही अट वाचून हसू येईल.

१९९८पासून खासगी कंपन्या या धंद्यात उतरल्या, दर खाली आले, पण वेगात फारसा फरक पडला नाही. आणि त्याच सुमारास तीच साडेसहाशे मेगाबाइटची सीडी एका मासिकाला चिकटून शंभराच्या आसपास रुपयांत घरी येऊ लागली. वर्गणीदाराला तर त्याहून स्वस्तात. आपल्याकडच्या संगणकयुगाच्या इतिहासात कंपन्या असतात, धोरणे असतात, बंगळूर-हैदराबाद-पुणे असते. हा वर्गणीदार मात्र त्यात सहसा सापडत नाही. बँकेत कारकून, शाळेत मास्तर, औषधाच्या दुकानाचा मालक असा हा माणूस. त्याला संगणकातले काही करायचे नव्हते. संगणकावर काहीतरी करायचे होते.

संगणकाचे मासिक हा प्रकार मुळातच टपालाच्या आधाराने वाढला. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राचे छायाचित्र होते. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली एक लहान कंपनी हे यंत्र सुट्या भागांच्या रूपात चारशे डॉलरच्या आत देणार होती. गंमत अशी की मुखपृष्ठावरची पेटी आतून रिकामी होती. चालू नमुना संपादकांकडे न्यूयॉर्कला पाठवताना वाटेत गहाळ झाला, आणि अंकाची तारीख तर गाठायची होती. म्हणून दर्शनी भाग लावलेले नुसते खोके उभे करून फोटो काढला. वाचकांनी त्या खोक्याच्या भरवशावर पैसे पाठवले, आणि इतक्या जणांनी पाठवले की कंपनीला मागणी पुरवता येईना. पॉल ॲलनने तो अंक हार्वर्ड चौकातल्या एका पेपरवाल्याच्या टपरीवर पाहिला आणि तो घेऊन बिल गेट्सला गाठले, ही गोष्ट पुढे हजार वेळा सांगून झाली आहे. मला त्यातला महत्त्वाचा तपशील टपरीचा वाटतो. चौकातल्या पेपरवाल्याकडे जे टांगलेले असते ते कुणाच्याही नजरेला पडू शकते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरमधून ‘बाइट’ निघू लागले. पुढच्या दहा वर्षांत घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासोबत एक विलक्षण वाचनसंस्कृती आली, जी आज कुणाला समजावून सांगणेही कठीण आहे. मासिकात प्रोग्राम छापलेला असे, खेळाचा किंवा हिशेबाचा, कधी चार चार पाने भरून. वाचकाने तो ओळीमागून ओळ टंकायचा. एक स्वल्पविराम चुकला की सगळे मुसळ केरात. ‘कॉम्प्यूट!’ या मासिकाने १९८३मध्ये यावर एक तोड काढली. त्यांनी दिलेला तपासनीस प्रोग्राम प्रत्येक टंकलेल्या ओळीसाठी एक खूण दाखवी. ती छापलेल्या खुणेशी जुळली तर ओळ बरोबर. आपल्याकडे पोथीची नक्कल करणारे लेखनिक शेवटी ग्रंथसंख्या मोजून लिहीत, त्याचीच ही विसाव्या शतकातली आवृत्ती म्हणायची. या कंटाळवाण्या कामातून पुष्कळ मुले प्रोग्रामिंग शिकली. वाचता वाचता नाही, उतरवून घेता घेता.

भारतात हा क्रम थोडा उलटा झाला. आपल्याकडे आधी धंद्याचे मासिक निघाले: ‘डेटाक्वेस्ट’, डिसेंबर १९८२. मग कचेरीतल्या पीसीचे: ‘पीसीक्वेस्ट’, १९८७. मधल्या काळात, नोव्हेंबर १९८४मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि आयातीचे दोर सैल झाले. त्याच सुमारास ‘क्लास’ नावाच्या योजनेतून शाळांना ब्रिटनचे ‘बीबीसी मायक्रो’ दिले गेले. यंत्र आले, पण त्याच्या मागे ब्रिटनमध्ये जो मासिकांचा गराडा होता तो काही आला नाही. शाळेत यंत्र कुलपात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, हे चित्र अनेकांच्या आठवणीत असेल. परदेशी मासिके हवी असतील तर मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला किंवा दिल्लीत दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात रद्दीतून मिळत, वर्ष-दोन वर्षे शिळी. संगणकाच्या बाबतीत दोन वर्षे म्हणजे एक पिढीच.

घरातल्या माणसाचे मासिक आले ते सर्वांत शेवटी, नव्वदच्या दशकाच्या उतारावर. जर्मनीत १९७८पासून निघणाऱ्या ‘चिप’ची भारतीय आवृत्ती मुंबईच्या जसुभाई समूहाने काढली आणि २००१मध्ये तिचेच नाव ‘डिजिट’ झाले. ‘पीसीक्वेस्ट’ही सीडी देऊ लागले होते. या सगळ्यांचा वाचक होता असेंबल्ड पीसीवाला. लॅमिंग्टन रोडवरून, नेहरू प्लेसहून किंवा गावातल्या एखाद्या होतकरू पोराकडून सुटे भाग जोडून घेतलेला संगणक त्याच्याकडे असे. त्याला कंपनीची हमी नसे, माहितीपुस्तिका नसे, आणि बिघडला तर फोन करायला कुणी नसे. मासिक हीच त्याची माहितीपुस्तिका. मदरबोर्ड कुठला घ्यावा, मोठी डिस्क लहानच का दाखवते, प्रिंटरची शाई स्वस्तात कशी भरावी, हे सगळे तिथे मिळे. शेवटच्या पानांवर भागांचे बाजारभाव असत, आणि ते दाखवून दुकानदाराशी घासाघीस करता येई. मला तर वाटते की निम्म्या वर्गण्या त्या भावांच्या पानांनीच वसूल करून दिल्या.

इंदूरला आमच्या घरी असे एक मासिक यायचे. बाबा बँकेत होते आणि कोणतीही गोष्ट दोन वर्षांची एकदम भरली तर काय सूट मिळते हे त्यांना आधी पाहायचे असे. वर्गणीच्या पानावर भेटवस्तूचे आमिष होते. आम्हाला माउस पॅड मिळायचे होते, ते काही आले नाही. अंक यायचा. कधी सात तारखेला, कधी बावीसला, आणि एकदा जुलैचा अंक ऑगस्टच्या अंकानंतर. पाकिटातून मासिक काढण्याआधी बाबा ते हलक्या हाताने वाकवून पाहत. खुळखुळले तर सीडी फुटली. मग पोस्टकार्ड. कार्यालयाचे उत्तर येई की फुटकी सीडी परत पाठवा, मगच बदलून देऊ. म्हणजे ती आणखी फुटण्याची व्यवस्था. स्टेशनजवळच्या स्टॉलवर तोच अंक आठवडाभर आधी लटकत असे हे आईने त्यांना एकदा सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “स्टॉलवर आपण बघून घेतो. वर्गणीत जे येईल ते वाचावं लागतं.”

हे वाक्य त्यांनी हट्टापायी म्हटले होते, पण त्यात तथ्य आहे. स्टॉलवरचा ग्राहक मुखपृष्ठ पाहून अंक घेतो. त्याला प्रिंटर घ्यायचा असतो आणि अंकात प्रिंटर असतात. वर्गणीदाराकडे न मागितलेले येते. आमच्याकडे स्कॅनर नव्हता, तरी स्कॅनरवरची चौदा पाने बाबांनी वाचली. दूरस्थ नेटवर्क, फायरवॉल, ध्वनीच्या फाइली लहान कशा होतात, हे प्रश्न आमच्या घरात कुणालाही पडले नसते. आता आपण शोधखिडकीत प्रश्न टाकतो आणि उत्तर मिळते. ते त्या मासिकांच्या उत्तरांहून नेमके असते आणि लगेच मिळते, यात वाद नाही. पण प्रश्नच ठाऊक नसेल तर ती खिडकी तशीच कोरी राहते. नवशिक्याची खरी अडचण तीच असते.

वर्गणीचा दुसरा परिणाम घराबाहेर होई. सीडी एकाकडे येई आणि दहा घरे फिरे. तिच्यातले बरेच प्रोग्राम तीस दिवसांच्या बोलीवर असत. मग ते पैसे मागू लागत आणि लोक संगणकाची तारीख मागे नेऊन त्यांना फसवू पाहत. व्हायरसविरोधी प्रोग्रामची महिन्याची नवी यादीही सीडीवर येई. तोवर ती महिनाभर जुनी झालेली असे, पण नसण्यापेक्षा बरी. आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’च्या सीडीवर लिनक्स आली.

या प्रकरणात अतुल चिटणीस यांचे नाव घ्यायला हवे. जन्म जर्मनीतला, शिक्षण बेळगावात, कर्मभूमी बंगळूर. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ‘सीआयएक्स’ नावाचे बुलेटिन बोर्ड चालवले होते, म्हणजे फोन लावून निरोप ठेवण्याची, वाद घालण्याची संगणकी कट्ट्यासारखी जागा. ते ‘पीसीक्वेस्ट’चे सल्लागार संपादक होते आणि मासिकाच्या लिनक्स उपक्रमामागे त्यांचा मोठा हात होता. पुढे बंगळूरला भरू लागलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेचेही ते एक प्रमुख संयोजक. ३ जून २०१३ला ते वारले. लिनक्सच्या त्या सीड्यांचे महत्त्व असे की त्या दहा घरे फिरल्या तर तो गुन्हा नव्हता. नक्कल करून वाटण्याची परवानगी त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच लिहिलेली होती. भारतात सॉफ्टवेअरची नक्कल सगळेच करत होते. चोरी न करता नक्कल करता येते, हे मात्र पुष्कळांना एका मासिकाला चिकटलेल्या सीडीने पहिल्यांदा कळवले. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत त्या सीड्या किती फिरल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. वर्गणीदारांचे आकडे छापखाने ठेवतात, उसने घेणाऱ्यांचे कुणीच ठेवत नाही.

इथवर सांगितले ते सगळे इंग्रजीत घडत होते, आणि मला खटकते ते हेच. कारण नव्या यंत्राबद्दल सामान्य माणसाशी बोलणारे मासिक ही गोष्ट मराठीला परकी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ हे १८४०चे मासिक शास्त्रीय विषय मराठीत सांगत होते. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती मुळात कारखान्याच्या मालाची आणि गिऱ्हाइकांची खबरबात द्यायला. लोखंडी नांगर घेणारा शेतकरी हा तिचा वाचक होता. पुढे ती ‘किर्लोस्कर’ झाली आणि घराघरात पोचली. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८चे. नागपूरच्या ‘उद्यम’ने कितीतरी लोकांना छोट्या धंद्याच्या वाटा दाखवल्या. नांगराला मराठी मासिक मिळाले. संगणकाला मिळाली ती प्रामुख्याने दैनिकांतली सदरे आणि पुस्तके. अच्युत गोडबोल्यांचे ‘संगणकयुग’ अनेकांनी वाचले. २००१पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने गावोगावी वर्ग काढले आणि लाखो लोकांना माउस धरायला शिकवले. पण वर्गात माणूस एकदा जातो आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. मासिक दर महिन्याला येते, आणि यंत्रही दर महिन्याला बदलत असते.

कारणे शोधायला दूर जायला नको. जाहिरातदार इंग्रजी वाचणाऱ्याच्या मागे होते, हे एक. दुसरे कारण यंत्रातच होते. पडद्यावरची प्रत्येक आज्ञा इंग्रजीत. तिच्याबद्दल मराठीत लिहायचे तर निम्मे वाक्य इंग्रजीच राहणार, आणि भाषांतर केले तर वाचक पडद्यावर तो शब्द शोधत बसणार. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणणाऱ्या लेखकाबद्दल मला आदर आहे, पण धारिका उघडायला वाचकाने कुठे टिचकी मारावी? शिवाय खुद्द मराठी अक्षरेच संगणकावर धड एकसारखी नव्हती. श्रीलिपीत टंकलेले दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की अगम्य खुणांची रांगोळी दिसे. युनिकोडने यावर तोडगा काढला. तरी विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला एका कोपऱ्यातल्या चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ विंडोजची सीडी घालावी लागे. ती खूण कुठे करायची याच्या सूचना अर्थातच इंग्रजीत. म्हणजे मराठी वाचता यावे म्हणून आधी इंग्रजी वाचता यायला हवे.

आमच्या घरात हे कोडे आईच्या वाट्याला आले. संगणक खरे तर तिलाच हवा होता. महाराष्ट्र समाजाच्या महिला मंडळाची ती चिटणीस होती, आणि दोनशे सभासदांची यादी, भिशीचा हिशेब, हळदीकुंकवाची निमंत्रणे हे सगळे तिच्या हाताने लिहिलेले असे. मासिकाच्या व्याख्येत ‘सामान्य वापरकर्ता’ म्हणतात तो आमच्या घरात तीच होती. पण तिचे शिक्षण मराठी माध्यमाचे, आणि इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरते. ज्याच्या नावाने मासिक निघत होते त्यालाच ते वाचता येत नव्हते. तेव्हा बाबा रविवारी दुपारी अंक घेऊन बसत आणि आईच्या कामाचे तेवढे एका दोनशे पानी वहीत उतरवून काढत. त्यांची भाषा कोणत्याही परिभाषा कोशातली नव्हती. ‘डावीकडे खाली हिरवे बटण. ते दाबल्यावर वर यादी चढते. यादीतले प्रिंटरचे चित्र. घाबरू नये, काही पुसले जात नाही.’ आज्ञेचे इंग्रजी नाव ते देवनागरीत लिहीत आणि पुढे तिचे रूप सांगत, म्हणजे आईला अक्षरे जुळवता आली नाहीत तरी चित्र जुळावे. अंकातल्या ज्या लेखाचा उपयोग झाला त्यापुढे अंकाचा महिना, आणि सीडीवरचा प्रोग्राम असेल तर ‘चालला’ किंवा ‘चालला नाही’.

अशी वही फक्त आमच्याच घरात असेल असे मला वाटत नाही. पुढे मी बडोद्याला एका ग्रंथालयात काम केले तेव्हा तिथल्या वयस्कर लिपिकाच्या खणात तसलीच एक पाहिली, गुजरातीत. या वह्या कुणी जमवल्या तर भारतीय भाषांतल्या संगणकलेखनाचा एक वेगळा इतिहास हाती लागेल. छापील इतिहासात त्या नाहीत, कारण प्रत्येकीचा वाचक एकच होता.

२००५पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांचे टंक आणि साधने सीडीवर फुकट वाटायला सुरुवात केली; आधी तमिळ, मग हिंदी, आणि पुढे मराठीसह इतर भाषा. नाव नोंदवले की सीडी टपालाने घरी. तोवर बराहासारख्या फुकट सॉफ्टवेअरने पुष्कळांची सोय केली होती. कन्नडसाठी जन्मलेले हे साधन मराठी माणसांनी आपलेच मानले. आणि मग ब्रॉडबँड आले. साडेसहाशे मेगाबाइट जेवणाच्या वेळात उतरू लागले, तेव्हा सीडीची आणि तिच्यासोबत वर्गणीचीही निकड संपली. मासिकांनी सीडीच्या जागी डीव्हीडी दिली, छोट्या पुस्तिका दिल्या. पण लोक ज्याचे पैसे देत होते ते मुख्यतः पोचवण्याचे होते, हे एव्हाना उघड झाले होते. ‘बाइट’ तर जुलै १९९८लाच थांबले होते. अमेरिकेत ‘मॅक्सिमम पीसी’ आणि ‘मॅकलाइफ’ या उरल्यासुरल्या दोघांचे छापील अंक २०२३मध्ये बंद झाले. ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटरॲक्टिव्ह’ मात्र नवशिक्यांसाठी साध्या इंग्रजीत पंधरवड्याला निघत राहिले. तिथे पेन्शनर अजून वर्गणी भरतात असे ऐकून बाबांना फार बरे वाटले होते.

बाबांनी वर्गणी २००७ला बंद केली. सीड्या बाल्कनीत दोऱ्याला लटकल्या, कबुतरे यायची थांबावीत म्हणून. कबुतरांना त्यांची लवकरच सवय झाली. वही आईने ठेवली. पहिली सव्वाशे पाने बाबांच्या अक्षरात आहेत. नंतर मधूनच आईचे अक्षर दिसू लागते, आधी समासात, मग पूर्ण ओळीत, आणि शेवटची पाने सगळी तिचीच आहेत. शेवटची नोंद २००८च्या दिवाळीतली आहे, आम्ही नवा संगणक घेतला त्या आठवड्यातली: ‘नवीन संगणक. मराठी आपोआप दिसते. सीडी लागली नाही.’